शरदातलं ऊन पकडताना: अंगणापासून कासपर्यंत

गेल्या ऑक्टोबरात नणंदेच्या मुलाने बोस्टनहून फोटो पाठवला. रस्त्याच्या दोन्ही कडांना मेपलची झाडं, लालभडक. खाली विचारलं होतं, ‘मामी, तुमच्याकडे फॉल आला का?’ मी फोन घेऊन अंगणात गेले, तर कढीपत्ता हिरवा, जास्वंद हिरवी, आणि कुंपणावरचं कृष्णकमळ पावसाने नुसतं माजलेलं. आपल्याकडे पानं गळतात शिशिरात. लाल पानं पाहायची तर मार्चमध्ये कुसुंबाखाली उभं राहावं, आणि ती सुद्धा कोवळी पालवी असते. त्यामुळे परदेशी फोटो डोक्यात ठेवून सप्टेंबरात कॅमेरा काढला की हात रिकामेच राहतात. माझे तीन-चार वर्षं तसे राहिले.

मग कळलं की इथला शरद उजेडात बघायचा असतो. आभाळ धुऊन निघालेलं, सावल्या पुन्हा काळ्या, रात्र निरभ्र असली की पहाटे गवतावर दव. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात, २७च्या आसपास हस्त लागतो, भोंडल्याच्या पाटावर हत्ती येतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस काढता पाय घेतो. गणपती ते दिवाळी एवढाच हा काळ. खाली लिहिलंय ते मी याच क्रमाने करते: आधी घरची बाग, मग प्रवास. पुण्यात तळमजल्यावर आमचं बारा बाय आठ फुटांचं अंगण आहे. तुमच्याकडे चार कुंड्यांची गॅलरी असेल तरी चालेल. कॅमेरा असो वा फोन, बहुतेक सगळं दोन्हीला लागू आहे.

दोन दिवस कॅमेरा हातात घेऊ नका

पहिली पायरी म्हणजे नुसतं बघणं. एक कागद घ्या, बागेचा ओबडधोबड नकाशा काढा आणि सकाळी सात, नऊ, दुपारी चार, साडेपाचला ऊन कुठे पडलंय ते पेन्सिलीने रंगवा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढचा महिनाभर हाच कागद कामाला येतो.

जून-जुलैत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सप्टेंबरनंतर तो दक्षिणेकडे कलत जातो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत उन्हाळ्यात जे ऊन कठड्यावरच थांबायचं, ते आता दोन-तीन फरशा आत येतं. पूर्वेच्या अंगणात सूर्य सव्वासहा-साडेसहाला उगवतो, पण समोरच्या इमारतीवरून आपल्या कुंडीपर्यंत पोचायला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. आमच्याकडे ७ वाजून ५ मिनिटांनी उन्हाची एक पट्टी तुळशीवर येते आणि सव्वासातला सरकते. दहा मिनिटं. ती पट्टी कुठे आणि कधी येते हे माहीत असेल तर महागडी लेन्स नसली तरी निभावतं.

सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन बाहेरचे फोटो काढायचेच नाहीत, असं मी स्वतःला बजावून ठेवलंय. ऑक्टोबरचं ऊन नावाजलेलं आहे, ते कॅमेऱ्यालाही चटके देतं. तरी त्या वेळी काढायचेच असतील तर बटर पेपर किंवा पांढरा पंचा दोन काठ्यांवर ताणून फुलावर धरा. सावली मऊ होते. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की अंधाऱ्या पाकळ्या उजळतात. गणपतीच्या जुन्या मखरातला उरलेला असतोच कोणाकडे तरी.

पारिजातकापासून सुरुवात

शिकायचं असेल तर पारिजातकासारखं झाड नाही. रात्री फुलतो, उजाडता उजाडता गळतो. पांढऱ्या पाकळ्या, शेंदरी देठ, खाली ओली काळी माती किंवा शहाबादी फरशी. इथेच कॅमेरा हटकून फसतो, आणि तो का फसतो हे एकदा समजलं की कासच्या पठारापर्यंत ती समज पुरते.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर दिसेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. फ्रेममध्ये काळी फरशी जास्त आणि फुलं मोजकी असली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो सगळं उजळवतो. फरशी राखाडी होते आणि पाकळ्यांचा पार कागद होतो, एकही रेघ दिसत नाही. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते कॅमेऱ्याला सांगणारं अधिक-उण्याचं बटण) उणे पाऊण ते उणे एक. फोनवर फुलावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. पाकळीवरच्या शिरा दिसू लागल्या की थांबा.

आता तीच फुलं परडीत गच्च भरली आणि तुम्ही फक्त परडीचा फोटो घेतलात, तर उलटं होतं. फ्रेमभर पांढरं दिसतं, कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फुलं मळकी करतो. तिथे अधिक अर्धा ते अधिक पाऊण द्यायचा. एकाच झाडाची फुलं, एकाच सकाळी, पाच मिनिटांच्या अंतराने, आणि सुधारणा मात्र उलट दिशेच्या. हा सराव सलग तीन दिवस करा.

लाल जास्वंदीची तऱ्हा वेगळी. तिथे उजेड एकूण बरोबर असतो, पण लाल रंगच काठोकाठ भरून सांडतो आणि फूल प्लॅस्टिकचं दिसतं. ढगाळ हवेत काढा, उणे अर्धा द्या, आणि फोनमधलं रंग भडक करणारं एआय ‘सीन’ बंद ठेवा. पिवळ्या झेंडूचंही हेच. हे लक्षात ठेवा, सोनकीच्या वेळी पुन्हा लागेल.

पारिजातकाच्या सड्याचा फोटो उभं राहून काढला तर ती फुलं सांडलेल्या मुरमुऱ्यांसारखी दिसतात. पाट घ्या, त्यावर बसा, कॅमेरा फरशीपासून वीतभर उंचीवर आणा. एकच फूल निवडा, बाकीची मागे धूसर होऊ द्या. उजेड कमी असतो तेव्हा एफ/८ (लेन्सचं तोंड किती उघडं), आयएसओ ४०० (उजेड टिपायची संवेदनक्षमता), शटर १/६० सेकंद (किती वेळ उघडं) यांच्या आसपास आकडे येतात. हात टेकवायला तांदळाची अर्धी भरलेली पिशवी उत्तम. तिपाई त्या उंचीला येत नाही.

एक व्यावहारिक अडचण मात्र कुठल्याही पुस्तकात नसते. आमच्या सासूबाई सहाला उठून परडी घेऊन येतात.

‘आई, जरा थांबा ना. पाचच मिनिटं. वेचू नका.’

‘पाच मिनिटं काल पण म्हणालीस. देवाला काय तुझा मोबाइल वाहू?’

शेवटी तह झाला. झाडाच्या उत्तरेची बाजू माझी, दक्षिणेची देवाची. मग असं लक्षात आलं की खरा फोटो त्यांच्या हातांचाच आहे: हिरव्या बांगड्या, बोटांना लागलेला देठांचा केशरी रंग, आणि परडीच्या काठावर अडकलेलं एक फूल. तो मागून, खांद्यावरून काढला. समोरून काढायला गेले की त्या पदर सावरून ताठ बसतात, आणि फोटो आधार कार्डाचा होतो.

बागेतली हलती मंडळी

पावसाच्या शेवटी बागेत पाहुणे भरपूर येतात. कढीपत्त्याची किंवा लिंबाची पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारायच्या आधी नीट बघा. पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी पानावर चिकटलेलं असतं. ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते. अळी पळत नाही, म्हणून नवख्यासाठी यापेक्षा सोपा विषय नाही. याच घराण्यातल्या ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. झाडी जवळ असेल तर तेही अंगणात घिरट्या घालून जातं.

फुलपाखराच्या मागे धावू नये. एक फूल ठरवा, त्यावर फोकस करून ठेवा आणि वाट बघा. सकाळी ऊन येईपर्यंत ती थंडावलेली असतात, पंख पसरून शेकत बसतात. सात ते साडेआठ हीच वेळ. शटर १/५०० च्या खाली नेऊ नका, शिंजीर जास्वंदीवर येत असेल तर १/१००० लागेल. फोनचा पोर्ट्रेट मोड इथे वापरू नका. तो मिश्यांच्या टोकांना पार्श्वभूमी समजतो आणि पुसून टाकतो.

फोन फुलाच्या अगदी नाकाशी नेण्यापेक्षा वीतभर मागे या आणि दुप्पट झूम वापरा. फोनची सावली फुलावर पडत नाही, किडा उडत नाही आणि मागचा पसारा कमी येतो. पसाऱ्यावरून आठवलं: लाल बादली, वाळत घातलेला टॉवेल, गॅसचा पाइप. फोटो दाबण्याआधी फ्रेमच्या चारी कोपऱ्यांतून एकदा नजर फिरवायची सवय लावा. माझ्या पहिल्या वर्षाच्या निम्म्या फोटोंत ती बादली आहे. मागे काळं हवं असेल तर काळी छत्री उघडून दोन-तीन हात मागे ठेवा. छत्री सावलीत आणि फूल उन्हात राहिलं की स्टुडिओसारखी पार्श्वभूमी मिळते.

कोळ्याच्या जाळ्यावर दव असेल तर उन्हाच्या समोर उभे राहा, म्हणजे सूर्य जाळ्याच्या मागे. थेंब पेटल्यासारखे दिसतात. पानांनाही हीच युक्ती लागू आहे, अळूचं पान मागून उजेड आला की काचेसारखं होतं. (भाच्याला मी हेच लिहिलं: मेपलखाली जा, पानाच्या मागे सूर्य ठेव आणि वर बघून काढ. त्याचा पुढचा फोटो चांगलाच सुधारला होता.) काही जण फवारणीच्या बाटलीने ‘दव’ पाडतात. पाडा बापडे, पण खरं दव बारीक, एकसारखं आणि पानाच्या कडेला ओळीने असतं. बघणाऱ्याला फरक कळतो.

एक कुंडी, सात रविवार

बागेच्या फोटोंमध्ये मला सगळ्यांत जास्त आनंद देणारी गोष्ट फार साधी आहे. गणेश चतुर्थीनंतरच्या पहिल्या रविवारी फरशीवर खडूने नव्हे, तैलरंगाने दोन छोटे ठिपके करा, एक डाव्या पायासाठी, एक उजव्या. तिथे उभं राहून, तीच लेन्स, तीच उंची, तीच वेळ, दर रविवारी एकच फोटो घ्या. उंची जमावी म्हणून मी कोपर खिडकीच्या गजावर टेकवते. फोनमध्ये ग्रिडच्या रेघा चालू ठेवा आणि कुंडीचा काठ दर वेळी त्याच रेघेवर आणा.

कुंडीत झेंडू असला तर उत्तम. गणपतीत रोप वीतभर, पितृपक्षात कळ्या, दसऱ्याला तोडणी, आणि दिवाळीपर्यंत उरलेल्या देठांवर लहान फुलं. पण मालिका मांडल्यावर नजर झेंडूवर राहत नाही. मागच्या भिंतीवरची सावली लांबत आणि सरकत गेलेली असते. शेवाळं हिरवं होतं ते तपकिरी, मग काळपट होतं. ऋतू बदलल्याचा एवढा स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही. यात एखादा रविवार चुकला तर चुकू द्या. सोमवारी काढून रविवार म्हणून खपवू नका, सावली चुगली करते.

बाहेर पडण्याआधी: ओलाव्याचा बंदोबस्त

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण इथे पैसे जातात. एका वर्षी पावसाळाभर माझी झूम लेन्स चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. कोजागरीला चंद्र काढायला घेतली, समोर बॅटरी धरली, तर काचेच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने लेन्स खोलून साफ केली, पण एका काचेवरचा थर खाल्ला गेला होता तो गेलाच.

कॅमेरा चामड्यात किंवा कापडात बंद ठेवायचा नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि शक्यतो दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ते ओलावून भरलेत असं समजावं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा पहिल्या रंगावर येतात. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. आमच्याकडे तिला ‘कॅमेऱ्याची कढई’ म्हणतात आणि ती माळ्यावर असते.

पिशवीत काय घ्यायचं? एक जास्तीची बॅटरी, दुसरं कार्ड, चष्म्याचं मऊ फडकं, हॉटेलात मिळते ती प्लॅस्टिकची शॉवर कॅप (रिमझिम आली की कॅमेऱ्यावर चपखल बसते) आणि झिपची मोठी पिशवी. गाडीत एसी लावून सातारा गाठला आणि पठारावर उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला, की थंड काचेवर दमट हवेचं पाणी जमतं. पुसत बसलात तर दहा मिनिटं गेली. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवून घाट लागतानाच एसी बंद करा, खिडक्या उघडा. पोचेपर्यंत काच हवेच्या तापमानाला येते.

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि आतला हिरवा रंग उघडा पडतो. धबधब्यावर उजेडही कमी करतो, त्यामुळे ढगाळ हवेत एफ/११, आयएसओ १०० ला १/४ सेकंदापर्यंत जाता येतं आणि पाण्याची रेशमी लड मिळते. फोनसाठी गॉगलची पोलराइज्ड काच लेन्ससमोर धरून फिरवून बघा, चालतं.

कास

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, उंची साधारण १,२०० मीटर. जांभ्याच्या खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यात ८५० हून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पती. पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि दर आठवड्याला गालिचा बदलतो. हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन आरक्षण लागतं, ते आधीच करून घ्या.

मी पहिल्यांदा गेले तो रविवार होता आणि पोचले अकराला. ऊन रणरणतं, रांगा, आणि माझ्या कार्डात १८० फोटो, त्यातले १७० पिवळे डाग. सोनकी आणि मिकी माउस (स्मिथिया, तिला कवलाही म्हणतात) दोन्ही पिवळीधमक, आणि मी कॉम्पेन्सेशनला हात लावला नव्हता. घरच्या झेंडूवर जे शिकले होते ते पठारावर विसरले.

आता जाते ती आडवारी आणि सकाळच्या पहिल्या वेळेला. आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम. हवा ढगाळ असेल तर मी खूश असते, कारण फुलांना मऊ उजेड लागतो. धुकं आलं तर निराश होऊ नका, पाच-दहा मिनिटांत ते सरकतं, आणि सरकताना जो अर्धवट पडदा तयार होतो त्यात जांभळा तेरडा सुंदर दिसतो. धुक्यात मात्र अधिक अर्धा द्या, नाहीतर फोटो संध्याकाळचा वाटतो.

काम तीन अंतरांवरून करायचं. आधी दूरचा: गालिचा, त्यात एखादा दगड, झाड किंवा आडवा वाकलेला ढग, जेणेकरून नजर कुठेतरी टेकेल. नुसता गालिचा डोळ्यांना भव्य आणि फोटोत सतरंजी दिसतो. मग मधला: पाच-सात फुलांचा घोळका. शेवटी जवळचा. सीतेची आसवं हे निळं-जांभळं फूल करंगळीच्या नखाएवढं असतं. ही कीटकभक्षी वनस्पती आहे, ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव ओढून घेते. तिचा निळा-जांभळा रंग फोनवर हमखास भलताच येतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सोय) ऑटोवरून काढून ‘डेलाइट’ला ठेवा, रंग बराच ताळ्यावर येतो.

आणि पायवाट सोडू नका. जवळचा फोटो हवा म्हणून कुंपण ओलांडून फुलांत पालथं पडणारे लोक मी पाहिलेत. एका फोटोसाठी पुढच्या वर्षाचं बी चिरडलं जातं. कॅमेऱ्याचा पडदा उलटा वळत असेल तर हात खाली सोडून पायवाटेच्या कडेवरून काढा, किंवा लांब लेन्स लावा. वाटेच्या कडेलाच इतकी फुलं असतात की आत जायची गरज पडत नाही. टोपली कारवी ७ वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी जायला मिळालं तर नशीब समजा, नाहीतर तिच्या टोपल्यांसारख्या झुडपांचे नुसते आकारही धुक्यात छान येतात.

कासला गर्दी नकोच वाटत असेल तर सोनकीसाठी भंडारदऱ्याकडे वळा. सप्टेंबरअखेर रतनगडाच्या माथ्यावर आणि कळसूबाईच्या परिसरात उतार पिवळे होतात. वाट निसरडी असते, म्हणून तिपाई घरी ठेवा आणि हातात काठी घ्या. कड्याच्या टोकावर मागे मागे सरकत फ्रेम लावायची नाही. फ्रेम आधी ठरवा, मग एका जागी उभे राहा.

भाताची खाचरं

मला विचाराल तर शरदातला सगळ्यांत देखणा प्रवास तिकिटाशिवाय होतो. मावळ, भोर, मुळशी, किंवा कोकणात उतरणारा कुठलाही घाट. ऑक्टोबरात भात हिरव्यावरून पोपटी, मग सोनेरी होतो. मावळात इंद्रायणी भाताचा वास रस्त्यावर येतो, तो फोटोत येत नाही ही एकच तक्रार.

इथे सकाळपेक्षा संध्याकाळ बरी. साडेचार ते सहा. ऊन तिरकं आणि लोंब्यांच्या मागून आलं की त्यांच्या काठाला चमकती किनार येते. खाचराच्या पातळीला खाली बसा, एक लोंबी जवळ धरा, मागे बांध आणि डोंगर धूसर. मग उभे राहा आणि बांधांच्या नागमोडी रेघा घ्या. जवळ टेकडी असेल तर चढा, रेघा वरूनच कळतात. वारा असेल तर त्याच्याशी भांडू नका. शटर १/८ पर्यंत उतरवा, कॅमेरा दगडावर टेकवा आणि भाताची लाट येऊ द्या.

शेतात माणसं असतील तर आधी बोलायचं, मग कॅमेरा. गेल्या वर्षी भोरजवळ एका खाचराशी थांबले, कापणी चालली होती.

‘काका, फोटो काढू का दोन-चार?’

‘काढा की. पन बांधावरनं चाला बरं का, लोंब्या झडत्यात.’

मी बांधावर बसले. दहा मिनिटांनी ते माझ्याकडे बघायचे थांबले आणि तेव्हा कुठे कामाचे फोटो मिळाले: विळ्याचं पातं लकाकलं तो क्षण, पेंढीला बांधलेला वळसा, बांधावर ठेवलेली पाण्याची कळशी. निघताना त्यांना पडद्यावर दाखवले. ‘ह्यो मला पाठवा,’ म्हणाले, आणि विळ्याच्या फोटोवर बोट ठेवलं. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवला. पाठवतो म्हणून न पाठवणाऱ्यांमुळे पुढच्या माणसाला नकार ऐकावा लागतो.

कोजागरीचा चंद्र, थोडक्यात

नुसता चंद्र काढायचा असेल तर आयएसओ १००, एफ/८, शटर १/१२५ ते १/२००. चंद्रावर थेट ऊन पडलेलं असतं, म्हणून एवढा वेग पुरतो. ऑटोवर ठेवलात तर पांढरी पुरी मिळेल. चंद्र आणि गाव दोन्ही हवं असेल तर आदल्या संध्याकाळी जा. त्या दिवशी तो सूर्य मावळायच्या आधीच उगवतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो. मसाला दुधाच्या पातेल्यातलं प्रतिबिंब गच्चीवर सगळेच काढतात, मीही काढते, अजून जमलेलं नाही. कोणीतरी दर वेळी डाव घालतंच.

घरी आल्यावर

त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवा, लॅपटॉप आणि एक बाहेरची डिस्क. तोवर कार्ड पुसायचं नाही. फोल्डरला तारीख आणि जागा: ‘२०२५-१०-१२ भोर भात’. ‘नवीन फोटो’ नावाची चौदा फोल्डरं माझ्याकडेही आहेत, त्यांत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

निवड दुसऱ्या दिवशी करा. कासहून आणलेल्या दोनशेंतून बारा ठेवायचे. एका विषयाचे सहा सारखे फोटो असतील तर एक. मग स्नॅपसीड किंवा लाइटरूम ॲपमध्ये हायलाइट (फोटोतले उजळ भाग) थोडे खाली, सावल्या किंचित वर. हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायचा मोह होतो, तो आवरा, उलट दहा-पंधराने कमी करा. पावसानंतरचा हिरवा आधीच इतका दाटलेला असतो की वाढवला तर पोपटी शाई सांडल्यासारखी दिसते. पिवळा मात्र केशरीकडे झुकू देऊ नका. सोनकी लिंबासारखी असते, झेंडूसारखी नाही. शंका आली तर बागेतलं पिवळं फूल तोडून पडद्याशेजारी धरून बघा.

सात रविवारांचे फोटो चार बाय सहाला छापून घ्या, गल्लीतल्या स्टुडिओत होतात. चमकदार कागद नको, मॅट मागा. मी ते फ्रिजच्या दारावर एका ओळीत लावते. सासूबाईंनी गेल्या दिवाळीत त्यांतला दसऱ्याचा तेवढा काढून नेला. विचारलं तर म्हणाल्या, ‘ह्या वेळचं तोरण ह्याच झेंडूचं होतं ना.’ रांगेत तिथे आता एक रिकामी जागा आहे आणि मागची शेवाळाची सावली अचानक उडी मारून पुढे गेल्यासारखी दिसते.

पणत्यांचा फोटो घेणार असाल तर सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी, आभाळ निळं असतानाच घ्या: आयएसओ १६००, शटर १/३०, फ्लॅश बंद. त्यानंतर कॅमेरा पुसून डब्यात ठेवा, दाण्यांचा रंग बघा आणि फरशीवरचे ठिपके घासून काढू नका. दिवस लहान झाले की कोपऱ्यातल्या शेवंतीला कळ्या धरतात.